सोमवारी शाळा, रविवारी ट्रॅक

गॅरेजात बोल्ट हरवतात, पाने हरवतात, गिऱ्हाइकाची चावीसुद्धा हरवते. किस्सा मात्र एकही हरवत नाही. एक सांगायला घ्यावा, तर त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो. सात रस्त्याजवळ सलीमभाईंचं गॅरेज आहे आणि चिंचोळी एमआयडीसीत माझं वर्कशॉप. झिजलेले इंजिन ब्लॉक आतून घासून पुन्हा मापात आणणं हे माझं काम. त्यामुळं सलीमभाईंकडं रोजची ऊठबस. इतक्या वर्षांत तिथं शेकडो गाड्या आल्या-गेल्या, पण अलीकडं आम्ही बसलो की किस्से निघतात ते एकाच गाडीचे. मेघनाच्या गाडीचे.

*

मेघना शाळेत गणित शिकवते. तिची गाडी लहानशीच, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तिला वेगाचं भारी वेड, आणि गाडी ट्रॅकवर पळवायचं स्वप्न. एके दिवशी ती गाडी टेम्पोच्या मागं दोरी बांधून आली. मोहोळच्या अलीकडं निळा धूर सोडून बंद पडलेली.

सलीमभाई बॉनेट उघडायच्या आत मेघना म्हणाली, "तिसरा पिस्टन गेलाय."

इंजिन खोललं. खरंच तिसराच. रिंगांच्या मधली कड तुटून पडलेली, सिलिंडरला लांब ओरखडा. सलीमभाई थक्क. "मॅडम, आवाजावरनं ओळखलं काय?"

"नाही हो. चारातला एक सांगायचा होता. पंचवीस टक्के चान्स."

*

मग तिनं आपली अट सांगितली. "उघडलंच आहे तर आता दणकट बांधा. पण सोमवारी हीच गाडी घेऊन मी शाळेत जाणार आणि रविवारी हीच ट्रॅकवर पळवणार."

सलीमभाई म्हणाले, "मॅडम, शेरवानी घालून कुस्ती खेळायची म्हणताय तुम्ही."

"मग शेरवानी तशी शिवा की."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. आमच्याकडं येतात ती ट्रॅक्टरची इंजिनं, नाहीतर बोअरवेलच्या गाड्यांची. असलं काम उभ्या जन्मात पहिल्यांदा आलेलं. मी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन केला आणि आज जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं. फोन ठेवून वळलो तर सलीमभाईही फोनवर तेच सांगत होते.

*

मेघनाचे वडील नाना. मूळचे केमचे, उभी हयात एसटी चालवलेली. रिटायर झाल्यापासून वेळच वेळ. लेकीची गाडी गॅरेजात म्हटल्यावर ते रोज सकाळी हजर व्हायला लागले. स्टूल ओढायचे, चहा मागवायचे आणि सुरू.

"कशाला पायजे ह्यो टर्बो? आमी कुटं वापरला? बिनटर्बोचा जल्म गेला, काय अडलं न्हाय."

सलीमभाईंनी टर्बो पुसता पुसता विचारलं, "नाना, शेवटी एसटीची कुठली गाडी होती तुमच्याकडं?"

नानांनी अभिमानानं सांगितलं.

"तिला टर्बो होता की."

नाना चहा फुंकायला लागले. घोट घोट करत तो संपवला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तरीच म्हनलं, घाटात एवढी कशी वढती."

*

नवे पिस्टन बाहेरून मागवले. साध्या ओतीव पिस्टनपेक्षा दणकट, टर्बोचा दाब सोसणारे. मेघना दिवसभर शाळेत, म्हणून पार्सलला पत्ता शाळेचाच दिला. पार्सल आलं तेव्हा ती वर्गावर होती. शिपायानं ते मुख्याध्यापकांना नेऊन दिलं, आणि शाळेच्या पत्त्यावर आलंय म्हटल्यावर त्यांनी ते उघडलं.

तास संपवून मेघना ऑफिसात गेली तर टेबलावर कागदांचे चार गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक चकाकता पिस्टन. पंख्याच्या वाऱ्यानं एकही कागद हलत नव्हता.

तीन पिस्टन सरांनी लगेच दिले. चौथ्यावरचा हात काही निघेना. "मॅडम, एक राहू द्या की. इतका सुंदर पेपरवेट मी आजवर पाहिला नाही."

शेवटी तिनं आमच्याकडून तो तुटका तिसरा पिस्टन नेला, घासून-पुसून सरांना दिला, तेव्हा कुठं चौथा सुटला. तो तुटका आजही सरांच्या टेबलावर आहे. कुणी विचारलं, तर सर सांगतात, "रेसिंगचा आहे."

*

ब्लॉक माझ्याकडं घासून झाला. हे पिस्टन तापले की जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये फट नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवावी लागते. किती जास्त, यावर मी आणि सलीमभाई असे भांडलो की शेजारचा पंक्चरवाला सोडवायला आला. अखेर माप ठरलं, इंजिन बांधून झालं, गाडीत बसवलं.

चालू करण्याआधी पेट्रोल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवायचा, म्हणजे ऑइल सगळीकडं पोचतं. ऑइल न पोचता इंजिन चाललं तर बेअरिंगा जळून जातात, सगळी मेहनत मातीत. सलीमभाईंनी स्टार्टर मारला. ऑइल प्रेशरचा काटा हलेना. परत मारला. काटा जागचा हलला नाही. त्यांनी चावी काढून खिशात घातली. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं.

खालचं ऑइलचं भांडं पुन्हा उतरवलं. ऑइल ओढणारा पाइप सोडवला. आतून चिमट्यानं काहीतरी ओढलं, ते येतच राहिलं. चौकटीचं कापड.

"माजा रुमाल," नाना म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो.

"शुक्रवारी तुमी नमाजाला गेला हुता. पाइप उगडा पडलेला, आन हितं धूळ किती. यष्टीत आमी भोक कदी उगडं ठिवलं न्हाय."

सलीमभाईंनी रुमाल पेट्रोलमध्ये धुतला, वाळवला, घडी घालून नानांच्या हातात दिला. "नाना, हा खिशातच छान दिसतो."

पाइप, भांडं परत बसवलं. या खेपेला काटा सरसर वर चढला आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. थंड असताना जरा खडखडलं, तापलं तसं गोड झालं. मेघना गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बंद करून परत एकदा चालू करा की."

*

नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवायचं असतं. सलीमभाईंनी बजावलं होतं, टर्बोचा जोर अजिबात घ्यायचा नाही. तशी ती पुणे रोडला चालली होती. मागं मी आणि सलीमभाई मोटारसायकलवर. उसाचा ट्रॅक्टर तिला ओलांडून गेला. मिरच्यांची पोती लादलेली रिक्षा गेली. दात-ओठ खात मेघना आपली डावीकडून चाललेली.

तेवढ्यात तिच्याच शाळेची बस शेजारी आली. खिडक्यांतून दहावीची पोरं डोकावली.

"मॅडम, धक्का देऊ का?"

*

आणि मग ट्रॅक. गाडी मेघनानं स्वतः चालवत तामिळनाडूपर्यंत नेली, कारण अटच तशी होती. आम्ही तिघं त्याच गाडीत. वाटेत नानांनी एकाही ढाब्यावर तिला घाईनं जेवू दिलं नाही.

पहिल्या सेशनला, म्हणजे ट्रॅकवरच्या तिच्या पहिल्या पाळीला, आम्ही कुंपणाशी उभे. समोरून गाडी सुटली, टर्बोची शिट्टी घुमली, आणि सलीमभाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. पलीकडची वळणं आम्हांला दिसत नव्हती. गाडी तिकडं गेली की आम्ही कान लावायचो, परत दिसली की सलीमभाई फेरी मोजायचे. सेशन संपलं, गाडी आत आली. ऑइल, पाणी, तापमान सगळं जागच्या जागी. सलीमभाई बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

नाना म्हणाले, "मला बसव."

परवानगी काढली, हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. बाप-लेक फेऱ्या मारून आले. नाना सावकाश उतरले, हेल्मेट काढलं, केस नीट केले.

"कसं वाटलं नाना?" मी विचारलं.

"गाडी चांगली हाय. पर हिनं एका बी वळनाला हारन दिला न्हाय."

"नाना, ट्रॅक आहे हा. समोरून कोण येणार?" मेघना म्हणाली.

"मला हितनं काय दिसतंय तिकडलं? हारन तरी ऐकू ईल."

मेघनानं हेल्मेट परत चढवलं. पुढच्या सेशनला एकटी गेली. सरळ रस्त्यावरून शिट्टी घालत सुटली आणि वळणापलीकडं दिसेनाशी झाली.

मग तिकडून हॉर्न आला. लांबलचक. थोड्या वेळानं आणखी पलीकडून दुसरा. ट्रॅकवरचे झेंडेवाले एकमेकांकडं बघायला लागले.

नाना कुंपणाला टेकले, डोळे मिटले, आणि खिशातून तंबाखूची डबी काढली.