रोजचा साहेब आणि खरा साहेब

मला नकला करायची खोड शाळेपासूनची. मास्तरांची चाल, एसटीच्या कंडक्टरचा आवाज, काय बी सांगा. त्या खोडीनं एकदा मला पार गोत्यात आणलं व्हतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं व्हतं. मी घोडेगावात एका छोट्या संस्थेत कामाला व्हतो. गावोगावच्या मंडळांना, महिला गटांना नोंदणी, अर्ज, मीटिंगचं रजिस्टर असल्या कामात मदत करायची. एसटीनं तळेघर, पुढं पायपीट. वर पोचलं की बाया विचारायच्या, "पावणं, तुमी नेमकं करता काय?"

मी रुबाबात म्हणायचो, "तुमच्याकडं हाय ते कागदावर आणतो."

तळेघरच्या वरच्या एका वाडीतल्या गटाला भाताची गिरणी पायजे व्हती. भात सडून आणायचं म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरा आणि तांदूळ घेऊन परत चढा. पुण्याची एक संस्था गिरण्या देत व्हती, तिच्याकडं मी अर्ज भरला. त्यात एक प्रश्न व्हता, 'गटाने याआधी एकत्र केलेले काम?' मी गटाच्या अध्यक्ष मावशीला विचारलं.

ती म्हणाली, "एकत्र? न्हाई बा. आमचं आपलं शेतीचंच."

मी लिहिलं, 'नाही.'

झालं. पत्र आलं, पुण्याचे साहेब स्वतः येऊन गटाशी बोलणार आणि मगच ठरवणार. जो गट कधी एकत्र राबलाच न्हाई तो गिरणी काय चालवणार, अशी शंका.

हे साहेब मी एका शिबिरात पाह्यले व्हते. म्हटलं, बायांची तालीम घेऊ. पण उन्हाळ्याचे दिवस, बायांना बसायला सवड न्हाई. सगळी वाडी उतारावर दगड काढून, माती ओढून भाताचं खाचर तयार करत व्हती. मग मीच बांधावर जाऊन साहेब झालो. खोटा चष्मा काढला, रुमालानं पुसला, दोनदा खाकरलो.

"मला एक सांगा, गिरणी बंद पडली तर?"

बाया हसून हसून वाकल्या. मावशीनं मात्र मातीनं भरलेलं घमेलं माझ्यापुढं धरलं. "साहेब, हितं मोकळ्या हातानं कुनी उभं ऱ्हात न्हाई. माती टाका, मंग इचारा."

सहा दिवस मी घमेली वाहत प्रश्न विचारले. खांदे सुजले, पण बाया फटाफट उत्तरं द्यायला लागल्या.

साहेब आले त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ठेवलेली. सतरंजीवर एक कुत्रं सोडून कुणी न्हाई. निरोप आला, "काम मोडता येत न्हाई, साहेबाला हिकडंच आना."

साहेब बांधावर उभे राह्यले. चष्मा काढला. रुमालानं पुसला. दोनदा खाकरले.

"मला एक सांगा..."

एक बाई फावडं टाकून खालीच बसली. बाकीच्यांनी तोंडाला पदर लावले, पण हसू काय थांबेना. मी आभाळाकडं बघत राह्यलो.

"काय झालं?" साहेब लालेलाल.

"काय न्हाई वो," मावशी म्हणाली, "हे भाऊ रोज तुमीच व्हत्यात. अक्षी तुमीच!"

साहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. गेली गिरणी, मी मनात म्हटलं. त्यात मावशी काय थांबतीय!

"पन खरं सांगू का साहेब? रोजचा साहेब घमेली उचालतो."

आणि भरलेलं घमेलं पुढं. साहेबांनी एक क्षण इकडं तिकडं बघितलं, फाईल माझ्या हातात दिली आणि घमेलं घेतलं. तिसऱ्या खेपेला धापा टाकत विचारलं, "हे शेत तुमचं का?"

"न्हाई, हिचं," मावशीनं शेजारच्या बाईकडं बोट केलं.

"म्हणजे तुम्ही हिच्याकडे रोजंदारीवर?"

"रोजंदारी कसली? पडकई हाय ही! आज हिच्या खाचरात समदी वाडी, उद्या माझ्या. जिचं काम, तिच्या घरी जेवान."

"कधीपासून चालतं हे?"

"माझ्या सासूच्या सासूलाबी ठावं नव्हतं."

"आणि पाळी कोण ठरवतं?"

"कोन म्हंजी? आमीच. हितंच, बोलता बोलता."

साहेबांनी फाईल मागितली. 'एकत्र केलेले काम? नाही.' मोठ्यानं वाचलं. मग खाचराकडं पाह्यलं. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसंच माणसं.

"हे कोणी लिहिलं?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. सहा दिवस मी स्वतः पडकईत माती वाहिली व्हती राव, आणि समजत व्हतो की ट्रेनिंग देतोय!

"खोडा," साहेब म्हणाले, "तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, 'पडकई.' मातीचं बोट उमटलं कागदावर.

निघताना साहेब जीपशी थांबले. "आणि एक. मी दोनदा खाकरत नाही." असं म्हणून दोनदा खाकरले.

भात झोडपून घरात आलं तवर गिरणी वाडीत आली व्हती. उद्घाटनाला चार शब्द बोला म्हटलं तर मावशीनं कानावर पेन्सिल अडकवली, मान माझ्यागत वाकडी केली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "तुमच्याकडं हाय ते कागदावर आणतो." मग पेन्सिल काढून हवेत मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, "न्हाई!"

गिरणी चालू झालेली, तरी हसू ऐकायला येत व्हतं.