ती पाणी मागत नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी बोलायची गरज नव्हती, तिला सगळं ठाऊक होतं. आणि मुलीपाशी बोलायची हिंमत नाही. मग राहिलं कोण? तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. चुकलं तर चुकलं समजा.

मुलीपासून सुरू करतो. ज्योती आमची एकुलती एक, लग्नाला लई वर्षं झाल्यावर झालेली. पुण्याला विद्यापीठात गेली आणि तिथं तिनं भाषाविज्ञान घेतलं. मला वाटलं पोरीनं वाया घालवलं. मी म्हणालो, "भाषा काय शिकायची? तोंड हाय, बोलता येतंय की."

ती म्हणाली, "आबा, आतडी तुम्हालाही आहेत. म्हणून डॉक्टर झालात का?"

तिची आई गॅसपाशी उभी होती. तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. पण मग ज्योती सांगत बसली — कोणती बोली कुठून आली, कोण कुणाशी काय बोलतं, आणि माणसं आपली भाषा कशी टाकतात. टाकतात कशी म्हणजे? तर म्हणे एक पिढी बोलायची थांबते, दुसरीला नुसतं कळतं, तिसरीला ठाऊकही नसतं. मी भाकरी मोडायची थांबलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आता सांगतो. आम्ही वडार. दगडाची कामं करणारे. आमच्या घरात मराठी नव्हती, आमची वडारी होती. माझी आई त्याच भाषेत रडायची, बाप त्याच भाषेत शिव्या द्यायचा. बायको श्रीगोंद्याकडची. तिचं नाव यल्लव्वा. पाट्याला, जात्याला टाकी लावण्यात, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडण्यात, तिचा हात बापापेक्षा बरा, असं तिचा बापच म्हणायचा.

नगरजवळ नागापूरला कारखान्यात मला हेल्परचं काम लागलं. खोली शोधायला गेलो तर दारातच विचारायचे, कोण तुम्ही? खरं सांगितलं की खोली नुकतीच दिलेली असायची. मग एका दारात मी दुसरी जात सांगितली. आडनाव थोडं फिरवलं. आणि बायकोला तिथंच, जिन्याखाली उभं करून सांगितलं — आजपासून तुझं नाव लता. आणि आपली भाषा बंद. घरातही बंद, भिंती पातळ हाईत.

तिनं विचारलं, "मग तुमच्याशी काय बोलू?"

मी म्हणालो, "मराठी बोल."

खोली मिळत नव्हती हे खरं. पण खोली मिळाल्यावर? नोकरी पक्की झाल्यावर? स्वतःचं घर बांधलं तेव्हा? तेव्हा कोण हाकलणार होतं मला? कुणी नाही. तरी मी तेच खोटं पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर लिहवलं.

ती कधीमधी विसरायची. भाजी चिरता चिरता आपल्या भाषेत काहीतरी विचारायची. मी उत्तर द्यायचो नाही. ऐकूच आलं नाही असं करायचो. मग ती तेच मराठीत विचारायची. हळूहळू तिचं विसरणं थांबलं. मला वाटलं, चला, सवय झाली. किती हलकट असतं माणूस, नाही?

तिचा भाऊ हणमंता एकदा पंचमीला मुराळी आला. बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, ती रीत. नवा सदरा घातलेला, हातात पिशवी, पिशवीतून नारळ दिसत होता. नेमक्या शेजारच्या काकू फाटकात उभ्या. त्यांनी विचारलं, "पाहुणे का?"

मी म्हणालो, "न्हाई. पाट्याला टाकी लावायला आलाय."

का म्हणालो? दुसरं काहीही सुचलं असतं. तोंडातून हेच आलं.

हणमंतानं माझ्याकडं पाहिलं. मग पिशवी भिंतीला टेकवली, सदऱ्याच्या बाह्या सरकवल्या आणि अंगणात बसला. म्हणाला, "आणा मग पाटा." टाकी अन् हातोडी बायकोनं जपून ठेवली होती, ती तिनंच आतून आणून दिली. तो ठोकत बसला. काकूही आपला पाटा घेऊन आल्या. म्हणाल्या, आयताच आलाय तर माझाही करून दे. त्यानं तोही केला. चांगला केला.

बायको तांब्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, "दादा, पाणी घ्या." मराठीत. सख्ख्या भावाला, परक्याला म्हणावं तसं. तो पाणी प्यायला आणि उठला. काकूंकडून मजुरी घेतली. मग माझ्यापुढंही हात केला.

"मालक," तो म्हणाला, "तुमच्याबी पाट्याचं द्या की. का घरचाच समजला मला?"

काकू हसल्या. मी खिशात हात घातला आणि दिले. तो गेला. नारळाची पिशवी भिंतीपाशी तशीच राहिली. तो परत कधी आला नाही, आणि बायकोनं माहेरचं नाव परत काढलं नाही. तो पाटा आजही आहे. त्यावर ती रोज वाटण वाटायची.

मग तिनं शेळी घेतली. मागं गोठ्यासारखं पत्र्याचं केलं होतं, तिथं बांधायची. एक गेली की दुसरी. मी एकदा परसात गेलो तर ही पाला घालत शेळीशी बोलत होती. वडारीत. साधंच काहीतरी. आज पाला कडू निघाला, गुडघा दुखतोय, पोरीचा फोन आला न्हाई. मी आल्या पावली मागं फिरलो. वाटलं, शेळीशी बोलली तर कुणाला काय कळणार? बोलू दे. मनाला वाटलं मी सूटच दिली तिला.

हे ज्योतीनं ऐकलं. विद्यापीठातून सुट्टीला आली होती. तिथल्या सरांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, आपापल्या घरातलं बोलणं टिपून आणा. ही मोबाईल घेऊन आईमागं परसात गेली आणि पळतच आत आली. "आबा, आई शेळीशी काय बोलते? ही कुठली भाषा?"

तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. घरातच सोनं सापडल्यासारखा.

मी म्हणालो, "शेळीशी माणूस कायबी बोलतं. भाषा कसली त्यात?"

बायको दारात आली. हातात पाला तसाच. ज्योतीनं तिच्यापुढं मोबाईल धरला. "आई, तू सांग."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. थांबली. मी हो म्हणतो का, ह्यासाठी थांबली होती ती. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं. मी वर पत्र्याकडं बघत राहिलो.

मग ती म्हणाली, "कायबी बडबडते गं मी. शिकली न्हाई ना."

ज्योतीनं मोबाईल खाली केला. दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं टिपून घेऊन गेली ती, कोल्हारच्या मैत्रिणीच्या आजीचं.

एवढंच असतं तरी मी मुकाट मेलो असतो. पण पुढं आहे.

गेल्या वर्षी बायकोला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. नगरला दवाखान्यात ठेवली. आणि तिची मराठी गेली. पार गेली. डॉक्टर म्हणाले बडबड आहे, मेंदूला मार बसलाय. ज्योती म्हणाली, नाही, ही बडबड नाही, आम्ही हे शिकलोय, मागून शिकलेली भाषा कधीकधी जाते आणि पहिली राहते. ती आईच्या तोंडाला कान लावून बसायची. शब्द अर्धेच फुटायचे. बाहेरच्या माणसाला, अगदी ती भाषा येणाऱ्यालाही, त्यातून काही लागलं नसतं. पण मी एवढी वर्षं तिच्याबरोबर काढलेली. मला शब्दन्‌शब्द कळत होता.

त्या दिवशी ती ज्योतीचा हात धरून बोलायला लागली. परत परत तेच. ज्योतीनं मोबाईल चालू केला आणि माझ्याकडं वळली. "आबा, काय म्हणते आई? तुम्हाला काही लागतंय का?"

शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या. स्टुलावर बसल्या होत्या. त्याच, पाटेवाल्या. आता त्याही म्हातार्‍या, कानानं अधू.

मी म्हणालो, "पाणी मागती."

डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायला मनाई केली होती. नाकातून नळी होती. पाणी दिलं तर छातीत जाईल म्हणाले होते. ज्योती रडायला लागली. कापसाचा बोळा ओला करून आईच्या ओठांना लावायला लागली. बायकोनं तोंड फिरवलं. पुन्हा तेच बोलली. ज्योती म्हणाली, "हो आई, देते, बरी झालीस की देते."

संध्याकाळी ज्योती औषधं आणायला खाली गेली. काकू निघून गेल्या होत्या. पलीकडची खाट रिकामी होती. खोलीत मी आणि ती. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि आपल्या भाषेत मला हाक मारली. नावानं नाही, आमच्यात नवऱ्याला जशी मारतात तशी. तिच्या तोंडून ती हाक मी त्या जिन्याखालच्या दिवसानंतर ऐकली नव्हती. माझ्या जिभेवर उत्तर आलं. खरंच आलं. एक शब्द बोलायचा होता. भिंती काय, काकू काय, तिथं कुणीही नव्हतं.

मी मराठीत म्हणालो, "झोप आता."

तिनं डोळे मिटले. त्यानंतर ती कुणाशी काही बोलली नाही. आणि मग गेली.

ज्योतीनं त्या बोलण्यावर तिचा विद्यापीठाचा प्रबंध केला. आईची भाषा कुठली, म्हणून तिनं मला विचारलं, तर मी सांगितलं — लहानपणी धरणाच्या कामावर बाहेरच्या मजुरांत राहिली होती, तिथलीच भाषा पहिली तोंडात बसली असेल. तिनं तेही लिहिलं. बांधलेली प्रत घेऊन आली, आईच्या फोटोपुढं ठेवली. इंग्रजीत आहे. मला वाचता येत नाही म्हणून एका पानावर बोट ठेवून तिनं मराठीत सांगितलं, "इथं आई पाणी मागते." आणि मग तिनं प्रत मिटली. म्हणाली, "आबा, माझी आई तहानलेली गेली. पाणी मागत गेली आणि मी दिलं नाही. डॉक्टरचं ऐकलं मी. एक चमचा दिला असता तर काय झालं असतं हो?"

मी तिच्या समोर बसलो होतो. एका वाक्यात पोरीच्या छातीवरचा धोंडा काढता आला असता. धोंडा मीच ठेवलेला. दगडाचंच काम आमचं. पण ते वाक्य काढलं की पुढचं वाक्य सांगावं लागतं. ती काय म्हणत होती मग? हे पोर विचारणारच. म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुझी काय चूक न्हाई." हात ठेवला. एवढा निगरगट्ट.

ती भात खात नाही नीट. पुण्याहून फोन करते तेव्हा विचारते, "आबा, आईपुढं पाणी ठेवलं का?"

परवा मी परसात गेलो आणि शेळीशी बोललो. आमच्या भाषेत. आवाज घोगरा निघाला, पण शब्द सगळे होते, एकही हरवला नव्हता. शेळीनं कान उभे केले आणि दाराकडं बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्यामागच्या दाराकडं. लई वेळ बघत राहिली.

बायको काय म्हणत होती ते लिहितो आता. ज्योतीचा हात धरून ती म्हणत होती, "ह्याला सगळं कळतंय गं पोरी. ह्याला सांग, एकदा तरी माझ्याशी बोल म्हणावं."

पाण्याचा त्यात शब्दही नव्हता.

रोज सकाळी मी तांब्या घासतो, भरतो आणि तिच्या फोटोपुढं ठेवतो. ज्योतीचा फोन आला की सांगतो, ठेवलं. आजही ठेवलं.