नमुना क्रमांक अकरा

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत त्यांना सगळे 'महोदय' म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि पाठीमागेही. हे टोपणनाव आहे, आदर नव्हे, हे त्यांच्या लक्षात यायलाच पाच-सहा वर्षं गेली, आणि आल्यावरही त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. कारण पत्र लिहावं तर महोदयांनीच, हे सगळ्यांना मान्य होतं. नळजोडणी तोडण्याची नोटीस असो, वरच्या कार्यालयाकडे मागायची दिलगिरी असो, की तक्रारी करकरून खात्याच्या नाकी नऊ आणणाऱ्या एखाद्या निवृत्त मास्तरांना द्यायचं उत्तर असो, मसुदा महोदयांच्या टेबलावरून जायचा. 'प्रति' कुठे, 'विषय' कुठे, समास किती सोडायचा, शेवटी 'आपला विश्वासू' कधी आणि 'आपला नम्र' कधी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. साहेब बदलले, टाइपरायटर बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला. खात्याची भाषा मात्र सव्वीस वर्षं एकाच माणसाची राहिली.

दर वर्षी नवे कारकून भरती झाले की महोदय त्यांचा एक तास घ्यायचे. फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे औपचारिक पत्र, उजवीकडे अनौपचारिक. डावी बाजू बघता बघता गच्च भरायची. उजवीकडे वर मायना लिहिला जायचा, तीर्थरूप, चिरंजीव, प्रिय. आणि अगदी खाली 'कळावे, लोभ असावा'. मधली जागा कोरी. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण घरच्या पत्रात मधे काय लिहायचं?"

"मधलं ज्याचं त्याने," महोदय म्हणाले. वर्ग हसला, महोदयही हसले आणि हात झटकून खडूची पूड उडवून खाली उतरले. उत्तर हुशारीचं होतं, नाही म्हणत नाही. पण खरी गोष्ट अशी की मधलं त्यांनाही येत नव्हतं. त्यांनी नातेवाइकांना पाठवलेली पत्रं कोणीही काढून पाहावीत: 'इकडे सर्व ठीक. तिकडील खुशाली कळवावी. हवा बरी आहे. मुलांच्या परीक्षा झाल्या.' बस्स. पोस्टाच्या तिकिटावर याहून जास्त मजकूर असतो.

त्यांची धाकटी बहीण चिमी अगदी उलट. तिच्या पत्राला मायना नाही, तारीख नाही, सुरुवातच मुळी 'दादा, आधी हे ऐक' अशी. चार पानं भरली की मजकूर समासात चढायचा, समास संपला की पाकिटाच्या आतल्या बाजूला उतरायचा. महोदय ते पत्र पाकीट फिरवून फिरवून वाचायचे, जेवताना बायकोला वाचून दाखवायचे, आणि उत्तरादाखल 'हवा बरी आहे' असं कळवायचे. चिमीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. दादा असाच आहे म्हणून तिने ते चालवून घेतलं होतं.

चिमीचा नवरा त्याच खात्यात होता, पण दूरच्या गावी, पंपघरावर. एका मंगळवारी दुपारी तिथून फोन आला. मेव्हणे कामावरच कोसळले होते, दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. सकाळी अंत्यविधी.

साहेब बिचारे स्वतः टेबलापाशी आले. म्हणाले, "तुम्ही निघा लगेच. चारची बस मिळेल."

महोदय म्हणाले, "वार्षिक अहवाल परवा जायचा आहे, साहेब."

अहवाल दोन दिवस उशिरा गेला असता तर कोणाचं पाणी बंद पडणार नव्हतं, हे साहेबांनाही माहीत होतं आणि महोदयांनाही. खरं कारण वेगळं होतं. रडणाऱ्या माणसासमोर महोदयांना काय बोलावं ते कळत नसे. हातांचं काय करावं ते सुचायचं नाही. आई गेली तेव्हाही ते घरभर फिरून खुर्च्या मोजत होते. सात तास बसमध्ये बसायचं आणि शेवटी चिमीच्या दारात उभं राहायचं, हे त्यांच्याने होणार नव्हतं. पत्र लिहू, त्यांनी ठरवलं. पत्र तर आपल्याला येतं.

आता कचेरीची एक पद्धत सांगायला हवी. कर्मचारी वारला की साहेबांच्या सहीने घरच्यांना शोकपत्र जायचं, आणि ते जायचं नमुना पत्रांच्या फाइलमधून. नमुना क्रमांक अकरा. तो महोदयांनीच बसवलेला, वीस वर्षांपूर्वी, आणि फार बेताने, फार छान बसवलेला. 'त्यांच्या जाण्याने आपल्या घरात जी पोकळी निर्माण झाली आहे ती शब्दांनी भरून येणारी नाही, याची जाणीव ठेवूनच हे चार शब्द लिहीत आहे.' एकदा एका फिटरची म्हातारी आई ते पत्र घेऊन साहेबांचे आभार मानायला चालत आली होती. साहेब ओशाळले, आणि महोदयांनी आपल्या टेबलावरून ते पाहिलं आणि ते दिवसभर खुशीत होते. त्यानंतर नमुन्यात एक अक्षर बदललं गेलं नाही. नाव, हुद्दा आणि पत्ता तेवढा बदलायचा.

त्या मंगळवारीही तेच झालं. महोदयांनी कागद चढवला आणि नाव, हुद्दा, पत्ता बदलला. पत्ता बहिणीचाच होता. बोटांना त्याची सवय होती, त्यामुळे ती कुठे अडली नाहीत. कार्बनखालची प्रत फाइलला लागली, मूळ पत्र सहीला गेलं.

संध्याकाळी घरी हातपाय धुऊन ते स्वतःचं पत्र लिहायला बसले. इतकी वर्षं ते 'चि. सौ. चिमीस' असं लिहीत. आज त्यातलं 'सौ.' गाळायचं, हे त्यांच्या बरोबर लक्षात राहिलं, आणि खोटं कशाला सांगू, आपल्या बिनचूकपणाचं त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग मधल्या जागेवर घोडं अडलं. दोनदा पेन टेकवलं, दोनदा उचललं. तिसऱ्यांदा टेकवलं आणि पेन झरझर चालू लागलं. तिसऱ्या वाक्याला त्यांना कळलं की आपण अकरा नंबर लिहितो आहोत. थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मनाची समजूत घातली की वाक्यं शेवटी आपलीच आहेत, कोणाची चोरलेली नाहीत. अर्ध्या तासात पत्र झालं. बायकोने विचारलं, "झालं एवढ्यात?" तर म्हणाले, "झालं."

कचेरीचं पत्र बहिणीच्याच दारात जाऊन पडणार आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाने तो पत्ता स्वतःच्या हाताने टाइप केला त्याच्या डोक्यात आलं नाही. कचेरीची पत्रं त्यांच्या लेखी कुठे पोचत नसत. ती जावक रजिस्टरमध्ये चढली की संपली.

तीन आठवड्यांनी घरी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर चिमीचं. डावीकडे समास सोडलेला, उजवीकडे तारीख.

'महोदय, आपले पत्र मिळाले. आपण दाखवलेल्या सहानुभूतीबद्दल आभारी आहे. आपली विश्वासू,' आणि खाली तिचं संपूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट.

महोदयांची समजूत बघा. त्यांना वाटलं, हे उत्तर साहेबांना लिहिलेलं असणार, दुःखात बिचारीची पत्त्याची गफलत झाली. कार्ड खिशात घालून ते कचेरीत गेले. आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि ते फाइलला लावायला मेव्हण्यांच्या नावाची फाइल उघडली. वरच शोकपत्राची कार्बनप्रत होती. सवयीने त्यांनी ती एकदा नजरेखालून घातली.

दुसऱ्या ओळीवर त्यांचे कान तापले. चौथ्या ओळीपर्यंत शंका उरली नाही. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. एकाच घरात, एकाच दुःखाला, एक पत्र टाइप केलेलं आणि एक भावाच्या हातचं.

शेजारच्या टेबलावरचे आवक कारकून मान लांब करून कार्ड वाचत होते. त्यांनी हळूच विचारलं, "महोदय, ही तुमची सख्खी बहीण ना?"

शिक्का मारलेलं कार्ड महोदयांनी फाइलमधून काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. साहेबांनी चारचौघांत झापलं असतं तर ती उतरली असती. ही उतरायला जागाच नव्हती.

पुढचे आठ दिवस त्यांनी माफीचं पत्र लिहायचा प्रयत्न केला. 'घडलेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' असं लिहिलं आणि फाडलं. 'अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल' असं लिहिलं आणि फाडलं. चांगली चांगली वाक्यं हात जोडून रांगेत उभी होती, आणि त्यातलं एकही चिमीला पाठवण्याजोगं नव्हतं. बायको रोज सकाळी ते बोळे टोपलीत टाकायची. नवव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, बस सुटते ना अजून? की तीही बंद झाली?"

रविवारी पहाटेच्या बसने ते निघाले. वाटेभर काय बोलायचं ते ठरवत होते, आणि उतरेपर्यंत सगळं विसरले होते.

दार चिमीनेच उघडलं. वाळली होती. "ये," म्हणाली. पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, वहिनीची चौकशी केली. परक्या माणसाशी बोलावं तसं नीट, जपून बोलत होती, आणि महोदयांना तेच सहन होईना.

"चिमे, ते पत्र..." एवढं म्हणून त्यांचं गाडं अडलं.

ती उठली, कपाटातून दोन्ही पत्रं आणून तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पोस्टमन दोन्ही एकदमच देऊन गेला. मी आधी साहेबांचं उघडलं. तुझं मागे ठेवलं, सगळे गेल्यावर निवांत वाचीन म्हणून."

महोदय टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"साहेबांचं वाचून खूप रडले रे. म्हटलं, ज्या माणसाने ह्यांना कधी पाहिलं नाही त्याला एवढं कळतं. मग दादाने काय लिहिलं असेल." तिने दुसऱ्या पत्रावर बोट ठेवलं. "मग तुझं उघडलं."

"साहेबांचंसुद्धा मीच लिहिलं होतं," महोदय म्हणाले. हे सांगून काय सुधारणार होतं देव जाणे, पण निदान सांगून मोकळे झाले.

"ते कळलं मला. म्हणजे दोन पत्रं आली आणि मला लिहिलं कोणीच नाही."

मान वर करायची महोदयांची हिंमत होईना. बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली, शेजारच्या घरी भांडी पडली. चिमीने दोन्ही पत्रांच्या घड्या उगाच सरळ केल्या.

"तूच सांग ना काहीतरी ह्यांच्याबद्दल," ती म्हणाली. "येणारा प्रत्येक जण चांगला माणूस होता म्हणतो आणि चहा पिऊन जातो. तू तर सोळा वर्षं ओळखत होतास."

महोदयांनी घसा खाकरला. "मेव्हणे अत्यंत मनमिळाऊ आणि..." अकरा नंबर, दुसरा परिच्छेद. त्यांनी तोंड मिटलं. चिमी त्यांच्या मदतीला आली नाही.

"पत्ते खेळताना लबाडी करायचे," ते शेवटी म्हणाले.

चिमीने मान वर केली.

"एक्का मांडीखाली दडवायचे. मला दिसायचा तो. पण एकदा माझं ऑपरेशन होतं बघ, आदल्या दिवशी तुम्ही दोघं आला होतात. मी घाबरलो होतो, बोललो नव्हतो कोणाला. त्या दिवशी तो एक्का दर डावाला माझ्याच पानांत यायचा. जेवणवेळेपर्यंत मला जिंकवत बसले. वर चिडायचे, म्हणायचे, आज नशीब जोरावर आहे तुमचं. मी काही बोललो नाही. त्यांना कळू दिलं नाही की मला कळलंय."

चिमी रडत होती आणि हसतही होती. पदराने नाक पुसत तिने विचारलं, "मग हे का नाही रे लिहिलंस?"

"शोकपत्रात ते शोभलं नसतं," महोदय म्हणाले.

"कोणाला?" तिने विचारलं.