शिमग्यात गप्प बसलेलं वॉलेट

ती घटना आठवली की आजही माझ्या अडाणीपणाचं हसू येतं, आणि लाजही वाटते.

बँकेकडून खबर आली. विक्रोळीच्या चाळीतल्या एका बाईच्या नावावरच्या खात्यात फसवणुकीचे पैसे येतात आणि काही मिनिटांत क्रिप्टो होऊन पसार होतात. बाई हॉस्पिटलात आया. भरदुपारी तिला चाळीतून जीपमध्ये बसवून पोलीस ठाण्यात आणलं.

"साहेब, हे खातं माझं नाही. शेजाऱ्याने सरकारी योजनेचा फॉर्म भरून दिला, त्यावर सह्या केल्या. केस झाली तर नोकरी जाईल हो."

शेजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "अर्ध्या चाळीचे फॉर्म मीच भरतो." सही बाईचीच होती, त्यामुळे माझा संशय तिच्यावरच.

सायबरच्या उपनिरीक्षक मॅडमनी मला ब्लॉकचेन समजावलं. "सर, ही क्रिप्टोच्या सगळ्या व्यवहारांची वही, कुणीही वाचू शकतो. लिहिलेलं पुसता येत नाही."

"मग चोर त्यात लिहितो कशाला?"

"नाव लिहावं लागत नाही ना."

मला भारीच कुतूहल वाटलं. वर्षभराच्या व्यवहारांचे कागद काढायला लावले. पैसे ज्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या मोबाइलमधल्या पाकिटात जात, ते रोज चालू, रविवारीसुद्धा. फक्त दोनदा बंद: गणपतीचे पाच दिवस आणि शिमग्याचे तीन. मी कोकणातला, लगेच ट्यूब पेटली. बाईचं माहेर-सासर घाटावरचं, घर बौद्ध. त्या दिवसांत ती ड्यूटीवर होती. शेजारी मात्र राजापूरकडचा.

त्याला पैशांचं विचारलंच नाही.

"काय रे, यंदा पालखी दारात कधी आली?"

गडी खुलला. तारखा सांगितल्या, त्याच तीन.

"मोबाइलला रेंज असते का तिकडे?"

"कसली रेंज साहेब! वर डोंगरावर, सड्यावर चढावं लागतं."

मी कागद पुढे सरकवला. त्याचा चेहरा उतरला. पंचांसमोर मोबाइल जप्त केला, वॉलेट त्यातच निघालं.

बाईला म्हटलं, "तुम्ही सुटलात."

ती म्हणाली, "नेताना अख्खी चाळ बघत होती. सुटले हे मी एकटी कुणाकुणाला सांगू?"

आधी विचारावं, मग जीप काढावी, एवढं साधं मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. दुसऱ्या सकाळी वर्दी घालून चाळीत गेलो. एकेक दार वाजवून सांगितलं, "बाईंचा दोष नाही, चूक माझी." एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोलीस उगाच नेतात होय कुणाला?"

"नेतात," मी म्हणालो आणि पुढचं दार वाजवलं.