अण्णामामा आणि सुजेची इंग्रजी नावं

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यातून मामीचा फोन आला तेव्हा मी केळीच्या व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालत होते. "तुझे मामा गेले," एवढंच ती म्हणाली... व्यापारी काय बोलला ते पुढे मला ऐकूच आलं नाही.

अण्णामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. जन्मभर बुऱ्हाणपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शब्द हाती लागला की लसणासारखा सोलायचे, आणि तेही कुठेही. भर पंगतीत गलगंडाचा विषय निघाला, तर म्हणाले, "गॉयटर हा शब्द मुळात लॅटिनमधला नुसता गळा आहे. भीती आपण चिकटवली." मामी म्हणाली, "आधी वरण घ्या."

या खोडीनंच माझी आई वाचली, हे मी ठासून सांगते. तिच्या मानेला गाठ आली होती. आमच्या गावी, जसोंडीला, ती महिनोन्‌महिने आंबेहळदीचा लेप लावत बसली. शेवटी मी शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, ट्यूमर आहे, सुई टाकून तपासू. झालं. आई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली ती उठेना. "ज्याला हा शब्द लागला तो परत नाही आला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामा बसनं आले, थेट तिच्या खाटेवर बसले. "शांते, मतलब तर समजून घे. ट्यूमर म्हणजे लॅटिनमध्ये सूज, बस. इंग्रजीत अंगठ्याला थंब म्हणतात, तोही त्याच घराण्यातला. सुजलेलं बोट. अंगठा असून तू मेली का आजवर?" आई हसली नाही, पण उठून बसली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूज कशाची, ते शब्द सांगत नाही. सुई सांगते. चल." गाठ साधी निघाली.

आणि हेच मामा! गेल्या वर्षी त्यांचे पाय सुजू लागले. डॉक्टरांनी इडिमा म्हटलं, हृदय तपासून घ्या म्हणाले. मामांनी अर्धंच ऐकलं. "ग्रीक आहे," मला खुशीत सांगितलं, "अर्थ तोच, सूज." तपासणी शेवटपर्यंत आज-उद्यावर ढकलत राहिले. बहिणीला दिलेला धीर त्यांनी स्वतःलाही दिला, फक्त त्यातली सुई वगळली. मला याचा अजून राग येतो.

तेराव्याला पाहुणे गेले, आणि आईचं लक्ष मामीच्या पायांकडे गेलं. चपलेत मावत नव्हते. मामी म्हणाली, "उभं राहून सुजले असतील, बघू उद्या." आईनं ऐकून घेतलं नाही, रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी नीट तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, थकव्याची सूज. आम्ही उठलो, आई मात्र बसून राहिली.

"याला इंग्रजीत काय म्हणता?"

"इडिमा," डॉक्टर म्हणाले.

"तो शब्द आला कुठून?"

ते गोंधळले. "ते नाही माहीत, मावशी."

"आमच्या अण्णांना माहीत होतं," आई म्हणाली... आणि इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी मामी तिथेच रडू लागली.