हत्तीच्या शेजारचा माणूस

म्युनिकमध्ये भाड्याचं घर हवं तर आधी स्वतःची जाहिरात करावी लागते. पगाराच्या स्लिपा, नोकरीचं पत्र, हसरा फोटो असं सगळं फाइलीत लावून मी आणि बायको घरमालकांचे उंबरठे झिजवत होतो. तिला सातवा महिना होता. आमच्या एका खोलीत पाळणा आणायचा तर पलंग बाहेर काढावा लागला असता.

त्यातले हे घरमालक भाड्याच्या घराच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. निवृत्त, उंच, घरातही टाय. त्यांनी घराआधी आपला संग्रह दाखवला. भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली छापील जाहिरातपत्रकं, सोनेरी चौकटींत. गावोगाव फिरणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनांची. प्रत्येक प्राणी पूर्वी कधीच न पाहिलेला, प्रत्येकाला कुठल्यातरी राजाने वाखाणलेलं, आणि मुक्काम फक्त थोडेच दिवस. वाघाचा चेहरा तिकीट नाकारलेल्या नगरसेवकासारखा होता. चित्रकाराने वाघ पाहिला नसावा. पाहिला असता तर इतक्या आत्मविश्वासाने काढला नसता.

"प्राणी पाळत नाही ना तुम्ही?" त्यांनी मध्येच विचारलं. "घरात प्राणी मला चालत नाहीत."

त्यांच्या पाठीमागे दोन गेंडे आणि एक सिंहीण होती.

मग ते एका हत्तीपाशी थांबले. शेजारी फेटा बांधलेला उघडाबंब माणूस. खाली यादी: हत्ती, दोन माकडं, एक हिंदू, एक अजगर.

"तुमचा देशबांधव," ते प्रेमाने म्हणाले. "आली ना घरची आठवण?"

मी चिंचवडचा. पहिला हत्ती पाहिला तो सर्कशीत, तिकीट काढून.

"या, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मी जर्मनमध्ये म्हणालो.

"कान आफ्रिकेतल्या हत्तीचे आहेत," बायको मराठीत पुटपुटली.

"असू देत. घर बघू आधी."

घर छान होतं. खिडकीजवळ पाळण्यापुरता कोपराही होता. तो पाहून बायको गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे तिला घर हवं होतं.

रविवारी भाडेकरारावर सहीसाठी त्यांनी आम्हाला जेवायलाच बोलावलं. त्यांचे दोन मित्र सहकुटुंब आले होते. टेबलावर ब्रेड, चीज, बटाट्याचं सॅलड. करार बाजूच्या कपाटावर. आम्हा दोघांच्या ताटांजवळ काटे नव्हते.

"संकोच नको," घरमालक म्हणाले. "तुमच्या पद्धतीने, हाताने होऊ द्या. सगळ्यांना बघायचंय."

सगळे खरंच थांबले होते. बायकोने उठून स्वयंपाकघरातून एक काटा आणला आणि शांतपणे खायला लागली. मी कपाटाकडे पाहिलं. मग सॅलडात हात घातला. व्हिनेगर मनगटापर्यंत ओघळलं. टेबलाभोवती कौतुकाचा हुंकार उठला, एका बाईंनी फोटो काढला. कॉफीच्या आधी सह्या झाल्या.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बायकोने मनगट पुसायला मला रुमाल दिला. मग म्हणाली, "वरणभात असता तर एक वेळ समजलं असतं. बटाट्याचं सॅलड आपण घरीसुद्धा हाताने खात नाही रे."

"एक तारखेपासून घर आपलं आहे," मी म्हणालो.

"हो. पण जिन्यात ते भेटले की नमस्कार तू करायचास. मी इथल्या लोकांसारखं ग्रूस गॉट म्हणेन."