वडिलांची डीपी

वडिलांच्या दहाव्याला आमदार आले, तसे माजी आमदारही आले. आमच्याकडे दहावा म्हटला की श्रद्धांजलीचा माईक आलाच, आणि विधानसभा जवळ असली की तो हातातून सुटत नाही. गोदाकाठी पिंड मांडला होता. कावळे भिंतीवर बसून भाषणं ऐकत होते. खाली एकही येत नव्हता.

कावळा शिवला नाही की गेलेल्याची इच्छा राहिली, असं मानतात. मग हात जोडून ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. काका म्हणाले, "दादाचा जीव डीपीत अडकलाय." खरंच होतं. मळ्यातली मोटर चालेना म्हणून विजेची नवी डीपी मागत वडील मंत्रालयापर्यंत चकरा मारून आले होते. सरकारं बदलली, डीपी आली नाही.

आमदारांनी माईकवरूनच शब्द दिला, "दादा, निश्चिंत जा. महिन्याच्या आत डीपी बसवतो!"

भिंतीवरच्या एका कावळ्याने पाठ फिरवली.

"मागल्या इलेक्शनलाबी त्यानं हेच ऐकलं हाय," मागून कोणीतरी बोललं. दुखवट्यात हसू नये म्हणून लोक खोकू लागले.

माजी आमदार पुढे सरसावले. "दादा, आमचं सरकार येऊ द्या, मग बघा."

"होतं की मधी तुमचं," काका म्हणाले.

शेवटी गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून उरकू या का?"

आईचं तोंड उतरलं. सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. ती उठून पिंडासमोर बसली. "अहो, या आता. या आमदारांच्या मागं मी लागते."

कावळा तिच्या बोलण्याने आला की माईक बंद झाला म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पण शिवला.

आईने शब्द पाळला. आमदार जिथे श्रद्धांजलीला उभे राहतील, तिथे ती पहिल्या रांगेत. पंचवटीत, अंबडला, पार घोटीपर्यंत, गेलेल्याची ओळख ना पाळख; मी तिला स्कूटरवरून न्यायचो. आमदार माईक घेत, समोर पाहत आणि दोन वाक्यांत आटपत. माणसं तिला दुवा देऊ लागली.

आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी डीपी बसली. आमदारांनी स्वतः नारळ फोडला. "वहिनी, आता तरी घरी थांबा."

"थांबते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन उभी राहिली. मी स्कूटर काढली नाही, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती तिथेच खाली बसली आणि दहाव्यानंतर पहिल्यांदा वडिलांसाठी रडली.